वारेपाशी थांबणारं औषध

मनू,

काल तू फोन ठेवलास तो रडू लपवायला, हे कळलं मला. "कुकर लावायचाय ताई," म्हणालीस. दुपारी चार वाजता कोण गं कुकर लावतं? रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. फोनवर तू नुसतं "हो हो" करतेस, म्हणून आज लिहूनच काढते. लिहिलेलं तरी दोनदा वाचशील.

२६ व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायलीस, दोन तासांनी साखर निघाली १७२. पंधरा दिवस जेवण सांभाळून पाहिलंस, तरी उपाशीपोटीची ९५ च्या खाली येईना. म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन लिहून दिलं. तू पेन आणलंस, फ्रीजमध्ये ठेवलंस, आणि आज चौथा दिवस, अजून टोचलेलं नाहीस. का, तर "ते बाळाच्या अंगात जाईल ना गं."

नाही जात. आधी हे एवढं मनात पक्कं कर, बाकीचं मग वाच. इन्सुलिन वार ओलांडत नाही. तुझ्या मांडीत टोचलेलं औषध तुझ्याच रक्तात फिरतं, तुझंच काम करतं आणि वारेपाशी थांबतं. वार ओलांडून पलीकडे जाते ती साखर. तुझ्या रक्तात साखर चढली की बाळाच्या रक्तातही चढते. मग त्या एवढ्याशा जिवाच्या स्वादुपिंडाला तुझी जास्तीची साखर जिरवायला स्वतःचं इन्सुलिन जादा बनवावं लागतं. पोटातल्या बाळाला इन्सुलिन म्हणजे वाढीचं खतपाणी. खांद्यांवर, पोटावर चरबी चढते, बाळ नको तेवढं मोठं होतं, बाळंतपण अडतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर तर थांबते, पण बाळाचं इन्सुलिन जोरातच असतं, म्हणून जन्मल्यावर काही तासांत बाळाची साखर एकदम उतरू शकते. हे सगळं कोपनहेगनच्या यॉर्गेन पेडरसन या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडलं. आजही प्रसूतीचे डॉक्टर याच पायावर उपचार करतात.

म्हणजे बघ, बाळाला औषध लागू नये म्हणून तू पेन बाजूला ठेवलंस, आणि इतके दिवस तुझ्या वाटचं काम बाळ करतंय. तुला बोल लावायला नाही लिहिलं हे. तुझ्यासारख्या प्रत्येकीला हेच वाटतं, मलाही वाटलं होतं. कुणी समोर बसवून सांगत नाही, एवढंच.

दुसरं तुझ्या मनात आहे ते तू बोलली नाहीस, पण मी तुला ओळखते. आईकडे आल्यावर आमरस खाल्ला, चुलतभावाच्या लग्नात जिलब्या खाल्ल्या, त्याचं हे फळ, असं तू धरून बसलीस. तसं नसतं गं. गर्भारपणात वार काही संप्रेरकं सोडते, ती आईच्या इन्सुलिनची धार बोथट करतात. त्यामागे शरीराचा हिशोब आहे, आईच्या रक्तातली साखर जरा रेंगाळली की बाळाला घास मिळतो. प्रत्येकच गर्भारशीत हे होतं, आणि ते भरून काढायला तिचं स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवतं. ज्यांच्या स्वादुपिंडाकडे तेवढी शिल्लक नसते त्यांची साखर वर राहते. तुझी शिल्लक कमी पडली. ती जिलब्यांनी संपवलेली नाही, ती तू जन्मलीस तेव्हाच बेताची असणार.

"पण ताई, मी एवढी बारीक!" हे तर तू तीनदा म्हणालीस. याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलंय, आणि ते सांगायला मला फार आवडतं. शाळेत नववीच्या मुलांनाही मी ते सांगते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. दिसायलाही दोघं सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा सारखं बोलतो, आतला मामला मात्र वेगळा. आपल्याकडे हातपाय काटकुळे, स्नायू कमी, आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती दडलेली. अशी चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. म्हणून तर आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात, आणि बायकांनी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा म्हणतात. सगळ्या घरानं तुला "काडी आहेस काडी" म्हणत तुझ्या साखरेकडे कधी पाहिलंच नाही. त्यात मीही आले.

हे आलं कुठून, हे याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी मुळापासून शोधायचं ठरवलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी तरुण बायकांची मापं घ्यायला सुरुवात केली, त्यांना दिवस जाण्याच्याही आधीपासून. कोण काय खातं, कोण किती पाणी वाहतं, शेतात किती राबतं, सगळं टिपलं. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाजूंनी लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली त्वचेची चिमूट मोजली तर तिथली चरबी मात्र जवळजवळ राखलेली. नंतर पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त ताडून पाहिलं, तर वजनाला कमी असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त होतं. पहिल्या टाहोच्या वेळीच. खेड्यांतली ती मुलं पुढे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्या बारीक अंगाच्या पोरांमध्येही पुष्कळांची साखर वर सरकलेली आढळली. काय खाल्लंस म्हणून विचारणार कुणाला?

हे वाचलं तेव्हा मला आपली आजी आठवली गं. बाहत्तरच्या दुष्काळात ती रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची आणि आई तिच्या पोटात होती. आजी सांगायची ना, मिळेल ती सुकडी खाऊन दिवस काढले. हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, असंच उपासमारीचं संकट आलं. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा तपासली, तर साखर न पेलण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. पोटातलं बाळ टंचाई ओळखतं, काटकसरीनं स्वतःला घडवतं आणि पुढे भरल्या ताटाचं जग पेलताना त्याची दमछाक होते. साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळांनी नकारार्थी मान हलवली होती. आई दुष्काळात जन्मली, एक्केचाळिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, आणि आपण दोघी तिच्या पोटी. एकट्या आजीच्या उपासानं हे झालं असं मी म्हणणार नाही, त्यात रक्ताचा वारसाही असतो. पण आपल्या घरातली ही साखर जिलब्यांहून कितीतरी जुनी आहे, एवढं मला पटलंय.

त्याच खेड्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र तुझ्या हातातली आहे. ज्या आयांनी दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाल्ली त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. आणि निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ कमी होतं. शाकाहारी घरं, दूध विकायला जातं, बायकांच्या वाट्याला उरलं तर ताक. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक अॅसिड भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. म्हणून फॉलिकच्या गोळ्या बंद नाही हं करायच्या, त्या लागतातच. फक्त पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचार, "माझं बी-१२ पाहिलंय का?" तू अंडंही खात नाहीस, तेव्हा विचारच.

आता सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." त्यांच्यावर रागवू नकोस. असायचं, पण कुणी पाहत नव्हतं. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आपल्या देशात गर्भारपणातल्या साखरेच्या तपासणीचा ध्यास घेतला. लांबून एसटीनं येणाऱ्या बाईला उपाशी बोलवायचं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी यायला सांगायचं, तर ती येणारच नाही, म्हणून जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त बघायचं, १४० किंवा वर असेल तर उपचार, अशी सोपी पद्धत त्यांनी रुजवली. तुझी झाली ती हीच तपासणी. त्यांचा वाढदिवस १० मार्च, तो आता देशभर या तपासणीच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. आणि १४० म्हणजे काही कुंपण नव्हे. २००८ साली नऊ देशांतल्या तेवीस हजारांवर बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात आईची साखर जसजशी वर, तसतसं बाळाचं वजनही वर आणि बाळ स्वतः बनवत असलेल्या इन्सुलिनची खूणही वर, अगदी खालच्या आकड्यांपासून. म्हणून थोडीशी साखर उतरली तरी तिचं मोल आहे.

सुईचं बोलू. आपल्या घरात इन्सुलिन म्हटलं की थोरले काका आठवतात. त्यांना इन्सुलिन सुरू केलं आणि वर्षात पाय कापावा लागला, तेव्हापासून सगळ्यांच्या मनात बसलं, इन्सुलिन म्हणजे शेवट. पण मनू, काकांचा पाय दहा वर्षांच्या साखरेनं गेला. इन्सुलिन त्यांना इतक्या उशिरा मिळालं की दोष त्याच्याच माथी आला.

त्याची खरी गोष्ट ऐक. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते अशुद्ध होतं, सुईच्या जागी गळू झालं. कोलिप यांनी अर्क शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा दिलं, आणि मुलाची साखर उतरली. पेटंटचे हक्क त्यांनी एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी तिथे आली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची लेक, पंधरा वर्षांची, आणि वजन जेमतेम वीस किलो. तेव्हा मधुमेहाला उपाय एकच होता, उपाशी ठेवणं. तिलाही तीन वर्षं तसंच मोजूनमापून जगवलं होतं. इन्सुलिन मिळालं आणि ती पोर जेवू लागली, भरली, शिकली, तिनं लग्न केलं. तिला तीन मुलं झाली. १९८१ मध्ये, त्र्याहत्तरीला ती गेली. इन्सुलिनच्या आधी मधुमेही बाईला दिवस जाणंच दुर्मिळ, गेले तर तिच्या जिवावर बेतायचं. त्या एलिझाबेथनं तिन्ही बाळंतपणं याच सुईच्या आधारानं पार पाडली. रात्री पेन हातात घेशील तेव्हा काकांचा पाय आठवू नकोस, ही मुलगी आठव.

टोचायच्या आधी पेन अर्धा तास बाहेर काढून ठेव, थंडगार औषध टोचलं की चुरचुरतं. तुझं ते ढगाळ दिसणारं असेल तर तळहातांत हळूच घोळवायचं, हलवायचं नाही. मांडीवर, बाहेरच्या बाजूला, रोज थोडी जागा बदलून. सुई इतकी बारीक असते की पहिल्या दिवशी मी टोचून झाल्यावरही विचारलं होतं, "गेली का?" न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलं की औषध वाया. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच मशीनवर बघ, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. उशाशी साखरेची डबी ठेव, सासूबाईंनाही सांगून ठेव. किती युनिट, ते मात्र डॉक्टर सांगतील तेच, माझ्या सांगण्यावरून एक युनिटही कमी-जास्त करायचं नाही.

खाण्याचं मी थोडक्यात सांगते, कारण तुला आहारतज्ज्ञांनी कागद दिलाय. उपाशी राहू नकोस. चतुर्थीचा उपवास यंदा नको, गणपतीला गर्भारशीचं कळतं. साबुदाण्याची खिचडी तर निव्वळ पिठूळ साखरच समज. माझ्या मशीननं मला जे शिकवलं ते असं: नुसते पोहे खाल्ले की माझा आकडा १७० च्या घरात जायचा. तेच पोहे अर्धे करून मोड आलेल्या मटकीची उसळ बरोबर घेतली की १३० च्या आसपास. भात आधी खाल्ला तर वेगळा आकडा, कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन मग भात घेतला तर वेगळा. तुझं शरीर तुला वेगळं सांगेल, म्हणून तुझी वही तू लिही. जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, सकाळी उपाशीपोटी ९५ च्या आत, हे लक्ष्य. आणि जेवून उठलीस की दहा-पंधरा मिनिटं चाल. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो. "दोन जिवांची आहेस, पडून राहा" हे कुणी प्रेमानं म्हणालं तर प्रेम घे, आणि चाल.

आता माझं. हे मी आईलाही नीट सांगितलेलं नाही.

थोरल्याच्या वेळी मलाही साखर निघाली होती, हे तुला माहीत आहे. बाळंत झाले, वार पडली आणि तिसऱ्या दिवशी साखर एकदम नीट. वार गेली की तिची संप्रेरकंही जातात, म्हणून असं होतं. मला वाटलं, सुटले. घरी सोडताना दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला एक ओळ होती, सहा आठवड्यांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन पुन्हा तपासणी करा. कुणी बोलून दाखवली नाही, मी वाचली नाही. सहाव्या आठवड्यात घरात बारशाचे पाहुणे, मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रात्रीची जागरणं. मग नोकरी. साडेपाच वर्षं मी एकदाही साखर बघितली नाही. सतत थकवा म्हणून तपासायला गेले तेव्हा तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, एचबीएवनसी, निघाला ७.१. साडेसहाला मधुमेह धरतात. आता मेटफॉर्मिन घेते, आणि तेही शरीरातलं बी-१२ कमी करतं, म्हणून तेही दरवर्षी तपासते.

मला दुःख गोळीचं नाही. मला दुःख याचं की मधली ती वर्षं माझ्या हातात होती. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, गर्भारपणी साखर होऊन गेलेल्या आणि नंतर साखर सीमेवर आलेल्या बायका पाहिल्या. ज्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं चालून थोडं वजन उतरवलं, किंवा ज्यांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलं. निम्म्यानं, मनू. आणि बाळाला अंगावर पाजणं आईचाही मधुमेह लांब ठेवायला मदत करतं. ही साखर होऊन गेलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, म्हणून तिला ती तपासणी आयुष्यभर, वर्षाच्या वर्षाला हवी. तुझ्या सहाव्या आठवड्याची तारीख मी माझ्या डायरीत आत्ताच लिहून ठेवलीय. बारसं पुढे-मागे करू, तपासणी नाही. बाळाला मी सांभाळीन, तू लॅबमध्ये दोन तास बसशील.

डोहाळजेवणाला पेढे-बर्फीचा घाट घालू नका म्हणून मी सासूबाईंना फोन करते, मोठी बहीण म्हणून मला ते शोभतं, तू मधे पडू नकोस. ओटीत नारळ, केळी असू देत, खायची किती ते आपण ठरवू.

आज रात्री साडेनऊला मी व्हिडिओ कॉल करते. पेन नऊलाच फ्रीजबाहेर काढून ठेव. टोचताना मी समोर असेन, बोलायचं नसेल तर गप्प बसेन. आणि शनिवारी मी येतेच आहे, शुक्रवारी सकाळी मटकी भिजत घाल, रात्री फडक्यात बांध.

तुझी,
ताई